काँट्रॅक्ट रद्द झालं, पण अर्धवट पूल तिथंच होता – माझा अनुभव

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात जेई (ज्युनिअर इंजिनिअर) आहे, कोकणात. आमच्या सबडिव्हिजनमधल्या एका छोट्या पुलाचं काम दोन वर्षं रखडलं आणि शेवटी बी-वन टेंडरचा (खात्याच्या ठरलेल्या काँट्रॅक्ट फॉर्मचा) क्लॉज ३ लावून काँट्रॅक्ट रद्द झालं, ते नेमकं एप्रिलच्या शेवटी. ऑर्डर निघाली, कॉपी सगळ्यांना गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी साइटवर गेलो तर वॉचमनसुद्धा निघून गेलेला. काँट्रॅक्ट रद्द करायची प्रोसिजर सगळे सांगतात, पण त्यानंतर त्या जागेचं काय करायचं हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

साइटवर काय होतं बघा. दुसऱ्या पिअरसाठी (पुलाच्या मधल्या खांबासाठी) खणलेला दोन पुरुष खोल खड्डा, त्यात हिरवं पाणी आणि बाजूला पोरं क्रिकेट खेळतायत. अबटमेंटमधून (पुलाच्या टोकाच्या भिंतीतून) वर आलेले उघडे गज. एका गाळ्याचं (दोन आधारांमधल्या भागाचं) सेंटरिंग, म्हणजे स्लॅब ओतायचा तात्पुरता सांगाडा, उभं, वर प्लेटा टाकलेल्या पण स्लॅबचं स्टील बांधलेलं नाही. पाण्यासाठी मारलेल्या बोअरच्या तोंडावर एक फाटकं पोतं. लेबर कॅम्पच्या पत्र्याखालून गेलेली वायर, आणि तीही चालू. डिझेलचे बॅरल, दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या, आणि पऱ्यात (ओढ्यात) आडवा घातलेला मातीचा बांध.

ऑफिसमधून पहिला सल्ला आला तो असा की कशाला हात लावू नका, मॅटर कोर्टात जाईल, आधी जॉइंट मेजरमेंट, म्हणजे काँट्रॅक्टरसमोर झालेल्या कामाचं मोजमाप, होऊ दे. मेजरमेंट महत्त्वाचं आहेच, कुठलं काम किती झालं हे पक्कं नसेल तर उरलेल्या कामाचं एस्टिमेट होत नाही आणि पुढं जुना काँट्रॅक्टर काहीही क्लेम करू शकतो. पण माझं स्पष्ट मत आहे की त्यासाठी उघडा खड्डा आणि चालू वायर तशीच ठेवायची हे चूक आहे. रेकॉर्ड आणि सुरक्षा दोन्ही एकाच दिवशी सुरू करता येतं. वायर महावितरणच्या लाइनमननं येऊन कट केली, त्याला कुठलं मोजमाप लागतं? बोअरच्या केसिंगला वेल्डिंग करून झाकण बसवलं. उघड्या बोअरबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सूचना दिल्यात आणि तरी मुलं पडल्याच्या बातम्या येतातच. खड्ड्याभोवती नुसती लाल रिबन न लावता बल्ल्या आणि पत्र्याचं कुंपण केलं, रस्त्याच्या बाजूनं रात्री चमकणारे बोर्ड लावले. आमच्याकडं दगडाला चुना फासून काम भागवतात, ते पावसाच्या रात्री बाइकवाल्याला दिसत नाही.

मेजरमेंटसाठी काँट्रॅक्टरला रजिस्टर पोस्ट आणि ईमेल दोन्हीनं नोटीस दिली, साइट ऑफिसच्या दारावर चिकटवली आणि त्याचाही फोटो काढला. तो आला नाही. मग दोन पंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक यांच्यासमोर पंचनामा, टोटल स्टेशननं (मोजणीच्या यंत्रानं) लेव्हल, प्रत्येक फोटोत टेप धरलेला, आणि सगळं एमबीत (मेजरमेंट बुकात). सामानाची यादी वेगळी केली आणि हा भाग नीट समजून घ्या. ज्या स्टीलवर सिक्युअर्ड ॲडव्हान्स (साइटवर आणलेल्या मालावर दिलेली उचल) दिला होता ते खात्याकडं गहाण, ते वजन करून आमच्या गोडाऊनला हलवलं. बाकीचं काँट्रॅक्टरचं. क्लॉज ५ प्रमाणे ते ताब्यात घेता येतं किंवा उचलून न्यायला सांगता येतं, पण यादीशिवाय हात लावला की चोरीचा आरोप आपल्यावर.

सेंटरिंगचं प्रकरण जास्त वाढलं. ते भाड्याचं निघालं, मालक टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला साहेब माझं सहा महिन्यांचं भाडं बुडलंय, निदान माल तरी नेऊ द्या. बरोबर होतं त्याचं. आणि आम्हालाही ते तिथं नकोच होतं, कारण पुरात वरून येणारी झाडं त्यात अडकली असती आणि सगळा सांगाडा खालच्या जुन्या कॉजवेवर जाऊन बसला असता. त्याची चलनं यादीशी जुळवून, उपअभियंता साहेबांची लेखी परवानगी घेऊन, त्याच्याच अनुभवी माणसांकडून वरून खाली असं उतरवून घेतलं, मी पूर्ण वेळ तिथं उभा.

मातीच्या बांधाची काळजी मला सगळ्यात जास्त होती. पोलीस पाटील म्हणाले, "साहेब, तुमची मोजणी होईल तेव्हा होईल, हा बांध राहिला तर पऱ्या आमच्या वाडीत शिरणार आणि तरवा (भाताची रोपं) सगळा जाणार." पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, त्याआधी टेंडर काढून काम देणं शक्यच नव्हतं, म्हणून जेसीबी लावून खात्यामार्फत काढला आणि खर्च जुन्या काँट्रॅक्टरच्या नावावर रिस्क अँड कॉस्टला, म्हणजे त्याच्याकडून वसूल करायच्या खात्यात, टाकला. लॉगबुक रोज लिहिलं, नाहीतर वसुली टिकत नाही. काढलेली माती काठावर ढकलली नाही, कारण पहिल्याच सरीला ती परत पात्रात. पिअरच्या खड्ड्यातलं पाणी उपसून तो मुरमानं भरला. नवीन काँट्रॅक्टरला परत खणावा लागणार म्हणून वरून ओरडा झाला, मला तो मान्य आहे, पावसाळाभर तिथं पोरं खेळणार होती.

गजांना तारेच्या ब्रशनं घासून सिमेंट स्लरीचा कोट दिला, टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे. गज वाकवून ठेवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, परत सरळ करताना कमजोर होतात.

कॅम्पमध्ये मागं राहिलेल्या कामगारांचा पगार थकला होता आणि हे मला फार लागलं. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात काँट्रॅक्टरनं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं, म्हणजे इथं आम्ही, द्यायची आणि त्याच्या बिलातून कापायची अशी स्पष्ट तरतूद होती. मुकादमाच्या वहीवरून हजेरी जुळवली, कामगार अधिकाऱ्यांकडं प्रस्ताव गेला, पण पैसे यायच्या आधी अर्धे लोक गावाला निघून गेले होते, त्यांचे अकाउंट नंबर फोनवरून गोळा करत बसलो. दोघांचे अजून मिळालेले नाहीत.

दिवाळीनंतर नवीन काँट्रॅक्टर आला. त्यानं पहिल्या दिवशी विचारलं जुनं काँक्रीट भरवशाचं का, तर रिबाउंड हॅमर आणि कोअर टेस्टचे (काँक्रीटची मजबुती तपासणाऱ्या चाचण्यांचे) रिपोर्ट, लेव्हल, फोटो सगळं त्याच्यासमोर ठेवलं, जॉइंट सही घेतली आणि काम सुरू झालं. जुन्याची बँक गॅरंटी मुदत संपायच्या आत वटवली होती, ते अकाउंट सेक्शननं वेळेत केलं. फायनल वसुलीचा हिशेब मात्र अजून चालूच आहे.