तुमचं नाव पूलमध्ये आहे

२०२३ च्या डिसेंबरात एका दुपारी मेल आला. एअरलाइनच्या निवडीत मी पास झाले होते आणि माझं नाव त्यांच्या ‘पूल’मध्ये, म्हणजे जागा निघेपर्यंत थांबायच्या यादीत, ठेवलं होतं. मी किंचाळलेच. बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते, ते धावत आत आले. म्हटलं, "झालं बाबा! पूलमध्ये ठेवलंय मला." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या पुलावर?"

त्या दिवशी हसून हसून पोट दुखलं. पुढे चौदा महिने त्याच पुलावर उभी होते, तेव्हा हसू आटलं. आता मी को-पायलट म्हणून उडते, पण तो पूल डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहितेय.

त्याआधीचं सगळं कुठेही वाचायला मिळेल, म्हणून थोडक्यात. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. आधी क्लास टू मेडिकल, मग क्लास वन. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाचा, कॉम्प्युटर नंबर (परीक्षेचा नोंदणी क्रमांक) काढायचा आणि पेपर द्यायचे: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के. रेडिओवर बोलायचा परवाना, आरटीआर, वेगळा. मग २०० तास उड्डाण, त्यातले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर घेऊन, आणि हातात कमर्शियल लायसन्स. मी विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकले. पावसाळ्यात ढग खाली आले की हँगरमध्ये कॅरम. दीड वर्षाचं काम अडीच वर्षांत झालं, पण ते दिवस मजेचे होते. त्याबद्दल तक्रार नाही.

एअरलाइनच्या इंटरव्ह्यूला तिघं समोर होते: दोन कॅप्टन आणि एचआरच्या एक बाई. त्याआधी लेखी परीक्षा, आणि कॉम्प्युटरवरची ती चाचणी, जिच्यात एका हाताने जॉयस्टिकने ठिपका मधोमध धरायचा, पायांनी पेडल सांभाळायची आणि कानात येणारी बेरीज-वजाबाकी सोडवायची. थोरल्या कॅप्टननी विचारलं, "राहता कुठे?" म्हटलं, घाटकोपर. "मग सांगा, पावसाळ्यात तुमच्या घरावरून विमानं का जातात?"

जन्मभर ज्या आवाजात टीव्ही मोठा करत आलो, त्याचा प्रश्न होईल असं वाटलं नव्हतं. पावसाळ्यात वारा समुद्राकडून, नैऋत्येकडून नाहीतर पश्चिमेकडून. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं, म्हणून धावपट्टी २७, म्हणजे तोंड २७० अंशांवर, थेट पश्चिमेला. त्यासाठी पूर्वेकडून यावं लागतं, आणि त्या रेषेत आम्ही. लगेच पुढचा चेंडू: धावपट्टीवर पाणी साचलंय, चाकं पाण्यावर तरंगायला लागतील तो वेग किती? टायरच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ. दाब २०० पीएसआय धरला तर साधारण १२७ नॉट. २०० चं वर्गमूळ तोंडी काढताना घाम फुटला, पण निघालं. नंतर कळलं की त्यांना आकड्यापेक्षा मी मोठ्याने विचार करते का, हे बघायचं होतं. तेव्हा गप्प बसून गणित करू नका, बोलत बोलत करा.

"कॅप्टनच्या तोंडाला दारूचा वास आला तर?" हा प्रश्न ठरलेला. इथे समजूतदारपणा दाखवू नका. उड्डाण होणार नाही आणि कंपनीला कळवायचं, संपलं. "पगाराची अपेक्षा काय?" इथे मी माती खाल्ली. ऐकीव माहितीवर "दोन लाख" म्हणून बसले. धाकटे कॅप्टन हसले. नव्या को-पायलटचं स्केल ठरलेलं असतं, तिथे घासाघीस चालत नाही. त्यापेक्षा विचारा की टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायच्या खास ट्रेनिंगचा, खर्च कोणाचा, बाँड (कंपनी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा आणि लाइनवर रिलीज होईपर्यंत, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या उड्डाणांवर लागेपर्यंत, स्टायपेंड मिळतो की पूर्ण पगार. तो मोठा फरक आहे, त्यावर पुढे येते.

तर पूल. बँकेत टोकन मिळतं. रेशनच्या दुकानातसुद्धा आपल्यापुढे किती माणसं आहेत ते दिसतं. इथे दिसत नाही. मी पहिल्या महिन्यात विनम्रपणे विचारलं, "माझा क्रमांक कितवा?" उत्तर आलं, "आपली प्रोफाइल आमच्या पूलमध्ये सक्रिय आहे. कृपया वारंवार संपर्क करू नये." तिसऱ्या महिन्यात तेच. सहाव्यात तेच, त्याच स्वल्पविरामांसकट. एकदा फोन लागला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅम, सीनिऑरिटी शेअर करता येत नाही." तारीख? "रिक्वायरमेंटप्रमाणे." रिक्वायरमेंट कधी? "मॅनेजमेंट ठरवेल." ताकास तूर लागू देईल तर शपथ.

मला राग त्या वेटिंगचा नव्हता, न सांगण्याचा होता. कारण आमच्याकडे मीटर चालू होतं. ५० लाखांचं कर्ज, तारण बाबांचा फ्लॅट, व्याज ११ टक्के. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या आधी नुसतं व्याज महिन्याला ४५ हजार ८३३ रुपये. हा आकडा मला माझ्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. बाबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांच्या पीएफमधून हे पैसे जात होते आणि ते तोंडाने एक शब्द काढत नव्हते, ते तर जास्तच लागायचं. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवायला लागले. त्याचे बारा हजार मिळायचे.

कारण शोधायला गेलं तर होतंच. २०२३ च्या ३ मे रोजी गो फर्स्टची विमानं थांबली, आणि एअरबस ३२० चं रेटिंग हातात असलेले कितीतरी पायलट बाजारात आले. कुठलीही कंपनी आधी त्यांनाच घेणार. त्यांच्याकडे तास आहेत, माझ्याकडे दोनशे. त्यातच एका इंजिनाच्या तपासणीपायी देशात डझनावारी विमानं जमिनीवर उभी. पण नातेवाईक मात्र वेगळीच कात्रणं पाठवायचे: एअर इंडियाची ४७० विमानांची ऑर्डर, इंडिगोची ५०० ची. "आता काय, पायलट मिळत नाहीयेत म्हणे!" अहो, ऑर्डर म्हणजे डिलिव्हरी नव्हे. ती विमानं वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने येतात. हे मी मावशीला तीनदा समजावलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "मग तोवर एखादं स्थळ बघूया का?"

समोरच्या काकूंचं वेगळं. गॅलरीत कपडे वाळत घालताना वरून विमान गेलं की विचारायच्या, "ही तुझीच कंपनी ना गं?" दिवसातून किती विमानं जातात याचा हिशेब तुम्हीच करा.

घरात पुलाचा विनोद चालूच होता. २०२४ च्या फेब्रुवारीत अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू उघडली, तर बर्फीवाला फ्लायओव्हरशी तिची उंचीच जुळेना. बाबा पेपर माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बघ, तुझ्यापेक्षा याचं पुढे आहे." खरंच पुढे होतं. जुलैत ते दोन्ही पूल जोडले गेले, मी तिथेच.

या काळातली खरी मेख कोणी आधी सांगत नाही: वाट बघताना तुमचे कागद शिळे होत जातात. क्लास वन मेडिकल बारा महिन्यांचं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (आयआर, बाहेर काही दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडायची परवानगी) चेकही वर्षाची. ती डबल इंजिनवर करायची म्हणजे तासाचा दर सिंगलच्या दुप्पट-तिप्पट. आईने कालनिर्णयच्या पानांवर लाल पेनाने तारखा लिहून ठेवल्या होत्या, गॅस सिलिंडर आणि चतुर्थीच्या मधे: ‘मेडिकल’, ‘चेक’. मी आयआरची चेक वेळेत केली. मेडिकल मात्र "अजून महिना आहे" म्हणत लांबवलं, कारण हाक आली की ताजं करू असा हिशेब होता. चार पैसे वाचवायला गेले. करू नका असं.

कारण हाक आली ती अशी: २०२५ च्या फेब्रुवारीत, गुरुवारी संध्याकाळी सात वाजता. सोमवार सोडून पुढच्या सोमवारी जॉइनिंग. खाली बारीक अक्षरात, मेडिकल किमान सहा महिने वैध हवं. माझ्या मेडिकलचे चोवीस दिवस उरलेले. चौदा महिने ‘संपर्क करू नये’ आणि आता अकरा दिवसांत सगळं!

रात्री डीजीसीएच्या पॅनलवरच्या डॉक्टरांची यादी घेऊन बसले. सकाळी नऊपासून फोन. मुंबईतले तीन जण पुढच्या महिन्यातली तारीख देत होते, एक परदेशात, एकाने उचललाच नाही. शेवटी पुण्यातल्या एका डॉक्टरांकडे मंगळवार मिळाला. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून रात्री आठनंतर काही न खाता पहाटे पाचला दादरहून शिवनेरी पकडली. पुण्यात रिक्षा मिळेना, शेवटचं अंतर चालत, जवळजवळ पळत. टेबलावर बसताच नर्सने पट्टा गुंडाळला. १४८ बाय ९४. मर्यादा १४० बाय ९०.

पट्टा सैल होताना जो फुस्स आवाज येतो ना, तो अजून कानात आहे. ‘टेम्पररी अनफिट’ हे शब्द मी एवढ्या लोकांच्या तोंडून ऐकले होते. ४५ हजार ८३३ गुणिले किती महिने, हे मी मनात मोजायलाही लागले. डॉक्टरांनी बघितलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "पळत आलीस? आधी रक्त देऊन ये. मग आतल्या खोलीत अर्धा तास आडवी पड. फोन बाहेर ठेव." फोन बाहेर ठेवल्यानेच निम्मं काम झालं असावं. खोलीत पंख्याची एक पाती किंचित वाकडी होती, तिचे फेरे मी मोजत राहिले. दुसऱ्यांदा १३०-८४, तिसऱ्यांदा १२६-८२. ईसीजी, कान, डोळे सगळं ठीक. बाहेर येऊन दोन वडापाव आणि कटिंग चहा, एकामागोमाग. जाण्याच्या आदल्या रात्री झोपा, चहा टाळा, अर्धा तास आधी पोचा. आणि हो, जुने सगळे मेडिकलचे कागद सोबत न्या. माझा एक राहिला होता, बाबांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला म्हणून निभावलं.

राहून गेलं ते इथेच सांगते. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि आधारवर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. हे बारावीलाच एकसारखं करून घ्या. विमानतळाच्या पासासाठी पोलीस पडताळणी होते, तेव्हा हवालदार त्यावरच बोट ठेवून विचारतात.

आता पैसा. ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, मग खऱ्या विमानावरचे सहा टेक-ऑफ-लँडिंग, मग ट्रेनिंग कॅप्टनसोबत प्रवासी घेऊन उड्डाणं. यात माझे सात महिने गेले आणि हातात फक्त स्टायपेंड. टाइप रेटिंगचे पैसे आम्हालाच भरायचे होते, कर्जात आधीच धरले होते म्हणून निभलं. बाँड पाच वर्षांचा. रिलीज झाल्यावर पहिल्या पूर्ण महिन्यात कर वजा जाऊन एक लाख साठ हजार आले. दहा वर्षांचा हप्ता साधारण ६९ हजार. उरलेल्यात चैन होत नाही, पण श्वास घेता येतो. पगाराचा एक भाग ठरलेल्या तासांचा, त्यापुढे ताशी दर. ‘जास्त उडून जास्त कमवू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वर्षाला १००० तासांची मर्यादा आहे आणि रोस्टर आपल्या हातात नाही. वर्तमानपत्रात झळकणारे मोठे आकडे कॅप्टनचे असतात. त्यासाठी एटीपीएल, पायलटचं सगळ्यात वरचं लायसन्स, लागतं, म्हणजे किमान १५०० तास, आणि कंपनीच्या अटी त्याहून वर.

सिम्युलेटरच्या दिवसांतली एक रात्र. व्ही-वननंतर (ज्या वेगापुढे टेक-ऑफ थांबवता येत नाही) इंजिन बंद पाडण्याचा सराव चार तास करून हॉटेलवर आले होते, पाय पेडलमुळे थरथरत होते. फोन वाजला. त्याच कंपनीच्या रिक्रूटमेंटचा मेल: "आपली प्रोफाइल आमच्या पूलमध्ये सक्रिय आहे. कृपया वारंवार संपर्क करू नये."

बाबांना फॉरवर्ड केला. त्यांनी त्याची प्रिंट काढून कर्जाच्या फाइलमध्ये लावलीय.