स्मोकी माउंटन्सला आई-बाबांना घेऊन: लॉज घ्यावा की जंगलातली केबिन?

स्मोकी माउंटन्स म्हणजे अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीवरचे डोंगर, तिथे नॅशनल पार्क आहे. लॉज म्हणजे इथे डोंगरातलं हॉटेल आणि केबिन म्हणजे भाड्याने मिळणारं, स्वयंपाकघर असलेलं लाकडी घर. आधी उत्तर सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. दिवसभर ट्रेल (डोंगरातल्या पायवाटा) करायचे असतील, संध्याकाळी फक्त गरम पाणी, जेवण आणि झोप एवढंच हवं असेल, तर लॉज घ्या. आणि माणसांसाठी जात असाल, म्हणजे भारतातून आई-बाबा आलेत, मैत्रिणीचं कुटुंब दुसऱ्या राज्यातून येणारे, रात्री बारापर्यंत गप्पा चालणारेत, तर केबिन. पण केबिन घ्यायची तर डोंगरात अगदी आत, शेजारी कोणीच नाही अशी नको, गावापासून वीस मिनिटांच्या आतली बघा. आम्ही या ऑक्टोबरच्या ट्रिपला मुद्दाम दोन्ही केलं, सुरुवातीला पार्कला लागून असलेल्या गॅटलिनबर्ग गावाजवळ डोंगराच्या कडेला एक लॉज आणि नंतर वेअर्स व्हॅलीत केबिन, त्यामुळे दोन्हीबद्दल लिहिता येतंय.

आम्ही अटलांटाहून निघालो. जीपीएस बऱ्याचदा नॉक्सव्हिलच्या बाजूने फिरवून नेतो पण वेळ असेल तर यूएस ४४१ ने चेरोकीवरून या, फार सुंदर रस्ता आहे. चेरोकीच्या पुढे लगेच ओकोनालफ्टी व्हिजिटर सेंटर लागतं, तिथल्या कुरणात संध्याकाळी एल्क (मोठ्या जातीची हरणं) येतात. २००१ मध्ये हे प्राणी इथे परत आणून सोडले, त्याआधी इथून नाहीसेच झाले होते. ऑक्टोबरमध्ये नर एल्क शिट्टीसारखा आवाज काढतो, बाबांना वाटलं कोणीतरी पोरगं पिपाणी वाजवतंय. लांबूनच बघायचं हं, पार्कचा नियम आहे, एल्क आणि अस्वल दोन्हींपासून किमान ५० यार्ड. तिथून न्यूफाउंड गॅपला चढायचं, ५,०४६ फूट, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीची हद्द तिथेच आहे, आणि मग पलीकडे उतरलं की गॅटलिनबर्ग.

पार्कला एंट्री फी नाही पण २०२३ पासून पार्किंग टॅग लागतो. १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी केली की हवाच. दिवसाचा ५ डॉलर, आठवड्याचा १५, वर्षाचा ४०. प्रत्येक गाडीला वेगळा, आणि फोनवर फोटो दाखवून चालत नाही, कागदच गाडीत दिसला पाहिजे. दोन कुटुंबं दोन गाड्यांनी येणार असाल तर रोज एकाच गाडीत मावतंय का ते बघा.

आता लॉज. आमचा लॉज लाकडी, तीन मजली, खाली मोठा हॉल, त्यात दगडी फायरप्लेस, बाहेर पोर्चवर झुलत्या खुर्च्यांची रांग. पहिल्या दिवशी आई तिथे बसली ती उठेचना. लॉजचं खरं सुख म्हणजे जबाबदारी नाही. लिफ्ट होती, रूमपर्यंत एकही पायरी नाही, रात्री बाबांना पाय दुखतात म्हणून जास्तीची उशी हवी होती ती खाली फोन केल्यावर पाच मिनिटांत आली. सकाळी डेस्कवरच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं की आज वरती धुकं आहे, कुवोहीला जाऊन काही दिसणार नाही, उद्या जा, आज नदीच्या बाजूला जा. अशी माहिती कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाही. (कुवोही म्हणजे जुनं क्लिंगमन्स डोम हे शिखर, ६,६४३ फूट, २०२४ मध्ये इथल्या मूळ चेरोकी लोकांचं नाव परत दिलं, जुन्या गाइडबुकात जुनंच नाव सापडेल. पार्किंगपासून शिखरावरच्या टॉवरपर्यंतचा रस्ता अर्धाच मैल आणि डांबरी आहे पण चढ जबरदस्त आहे, आई-बाबांना पार्किंगमधूनच डोंगर दाखवले आणि तेवढं पुरेसं होतं. १ डिसेंबर ते ३१ मार्च त्या पार्किंगपर्यंत गाडीने जायचा सात मैलांचा रस्ता बंद असतो.)

लॉजमध्ये अडलं ते जेवणाशी. आम्ही शाकाहारी, त्यात आईचा गुरुवार. इथल्या दक्षिणेकडच्या जेवणात शाकाहारी दिसणाऱ्या गोष्टी शाकाहारी असतीलच असं नाही. ग्रीन बीन्समध्ये बेकन असू शकतं, पिंटो बीन्समध्ये हॅम (दोन्ही डुकराचं मांस), आणि ब्रेकफास्टला बिस्किटावर (इथलं बिस्किट म्हणजे मऊ पावासारखं) जी पांढरी ग्रेव्ही घालतात त्यात बहुतेक वेळा सॉसेज, म्हणजे मांसच, असतं. प्रत्येक ठिकाणी विचारा, दोनदा विचारा, लाजू नका. गुरुवारी आईने केळी, दही आणि घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू यावर दिवस काढला. आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी सगळे एकत्र बसायला जागा नाही. रूम तीन, तीन वेगळ्या ठिकाणी, हॉलमध्ये बसलो तर बाकीचे पाहुणे पुस्तक वाचत बसलेले, आपण मोठ्याने हसायचं म्हणजे संकोच वाटतो. साडेआठला सगळे आपापल्या खोलीत. आई म्हणालीच, "अगं, आपण एकत्र आलोय ना?"

म्हणून केबिनला गेल्यावर आई जास्त खूश झाली, यात नवल नाही. शार्लटहून मैत्रीण, तिचा नवरा आणि मुली तिथेच येऊन मिळाले. मोठा डेक (घराला जोडलेला उघडा लाकडी ओटा), समोर दरी, लाल-पिवळी झाडं, सकाळी धुकं खाली आणि आपण वर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रंग वरच्या उंचीवर असतो आणि मग तो खाली सरकत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खोऱ्यात येतो, त्यामुळे बुकिंगची तारीख बघताना आपण किती उंचीवर राहणार ते पण बघा.

पण केबिन बुक करताना मी मालकाला जे प्रश्न विचारले ते सगळे इथे देते, कारण फोटोत यातलं काहीही कळत नाही.

पहिला प्रश्न ड्राइव्हवेचा, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीवाटेचा. फोटो ड्रोनने वरून काढलेले असतात, त्यात सगळं सपाट दिसतं. आमच्या केबिनचा ड्राइव्हवे खडीचा आणि असा उभा की गाडीच्या काचेतून फक्त आभाळ दिसत होतं. बाबांची सगळी नोकरी एसटीत, आंबा घाट आणि कुंभार्ली घाटात वर्षानुवर्षं गाडी काढलेली. ते आधी खाली उतरले, चालत वर जाऊन वळण बघून आले, गाडी फिरवायला वर जागा आहे का ते बघितलं आणि मग मला म्हणाले, "लो गिअरला टाक, एकदा निघालीस की मध्ये थांबू नकोस, खडीवर थांबलं की चाक फिरतं." तशीच घेतली, गेली. उतरताना पण लो गिअरच, नुसत्या ब्रेकवर उतरायचं नाही, हे त्यांनी मैत्रिणीच्या नवऱ्याला पण बजावून सांगितलं. डिसेंबर ते मार्च जाणार असाल तर फोर व्हील ड्राइव्ह शिवाय अशा केबिनचा विचारच करू नका. गाडी भाड्याची असेल तर करार वाचा, बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात.

दुसरा, पायऱ्या. गाडीपासून दारापर्यंत किती आणि आत किती. इथल्या केबिन उतारावर बांधलेल्या असतात, त्यामुळे एक बेडरूम खाली, स्वयंपाकघर मध्ये, दुसरी बेडरूम वर माळ्यावर असा प्रकार असतो. "आठ जण झोपू शकतात" याचा अर्थ बऱ्याचदा दोन खरे पलंग, बाकी सोफा आणि माळा. आई-बाबांचा पलंग आणि बाथरूम एकाच मजल्यावर आहे ना, आणि तो मुख्य दाराचाच मजला आहे ना, हे लेखी विचारा. मी विचारलं म्हणून एक फार देखणी केबिन सोडली, तिथे बाथरूमसाठी रात्री गोल जिना उतरावा लागला असता.

तिसरा, रस्ता एकच आहे की बाहेर पडायला दुसरा पण आहे. हे कोणी विचारत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये गॅटलिनबर्गला जो वणवा आला त्यात १४ माणसं गेली आणि २,४०० च्या वर इमारती जळाल्या किंवा खराब झाल्या. कोरडा हिवाळ्याआधीचा काळ, जोराचा वारा, आणि अरुंद डोंगरी रस्ते. म्हणून केबिन घेताना नकाशा उघडून रस्ता शेवटपर्यंत बघते, तो डोंगरावर जाऊन संपत असेल तर सोडून देते. फायर पिट (बाहेर शेकोटीची जागा) असेल तर त्या दिवशी आग लावायला परवानगी आहे का तेही विचारायचं.

चौथा, फोनला सिग्नल. पार्कमध्ये जवळजवळ कुठेच नसतो, केबिनमध्ये वायफाय कॉलिंगवर काम चालतं, लाइट गेले की तेही बंद. ऑफलाइन नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि मालकाने पाठवलेली रस्त्याची माहिती कागदावर लिहून घ्या, कारण जीपीएस कधीकधी शेजारच्या डोंगरावर नेऊन सोडतो. पहिल्या दिवशी उजेडात पोचा, ही अट समजा. रात्री त्या रस्त्यांना दिवे नाहीत आणि पाट्या झाडांत लपलेल्या असतात. आई-बाबांची औषधं, व्हिजिटर इन्शुरन्सचा कागद आणि हॉस्पिटलचा पत्ता फ्रिजवर चिकटवा. या भागात सेव्हियरव्हिलला लीकाँट मेडिकल सेंटर आहे.

अस्वलांचं म्हणाल तर पार्कच्या अंदाजाने साधारण १,९०० काळी अस्वलं आहेत आणि ऑक्टोबरमध्ये ती हिवाळ्याआधी एकोर्न (ओक झाडाची फळं) खात सारखी फिरत असतात. आमच्या डेकखालून एक मादी आणि पिल्लू गेलं, भर दुपारी, आम्ही काचेच्या आतून बघितलं, मुली अगदी श्वास धरून. केबिनच्या बाहेर कचऱ्यासाठी लोखंडी पिंजरा असतो, त्याच्या कडीला आतून बोट घालून खटका वर ढकलावा लागतो तेव्हा ती उघडते, अस्वलाचा पंजा तिथे जात नाही. आल्या आल्या घरातल्या सगळ्यांना ती कडी लावून दाखवा. गाडीत खाण्याची एकही वस्तू ठेवायची नाही, रिकामं चिप्सचं पाकीट पण नाही, आणि गाडी लॉक करायची, इथली अस्वलं हँडल ओढून दार उघडतात. ग्रिल वापरलं तर घासून ठेवा. रात्री खालच्या मजल्याच्या खिडक्या बंद.

स्वयंपाकघर हे केबिनचं सगळ्यात मोठं सुख. कुकर, लाटणं, तवा, मसाल्याचा डबा, धारदार सुरी आणि सांडशी घरूनच न्या, तिथे वॅफल मेकर असतो पण यातलं काही नसतं. इंडियन सामान नॉक्सव्हिलला मिळतं पण त्यासाठी तासभर जाणं म्हणजे दिवस मोडला. आणि फोडणी जपून. शेगडीवरचा एक्झॉस्ट बऱ्याच ठिकाणी हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत घरातच सोडतो, त्यामुळे मिरची पडली की स्मोक अलार्म वाजतो आणि लाकडी घरात तो सगळीकडे एकदम वाजतो. डेकचं दार उघडून, मंद आचेवर. त्या रात्री पिठलं, भात, ठेचा आणि भाकरी झाली, बाहेर थंडी, बाबा सगळ्यांना आंबा घाटातल्या पावसाळ्यातल्या रात्रीच्या ड्यूट्या सांगत होते, माझ्या मुलाने त्यांच्या तोंडून हे कधीच ऐकलं नव्हतं, मलाही त्यातलं अर्धं माहीत नव्हतं. हे लॉजच्या हॉलमध्ये झालं नसतं. माझ्यासाठी केबिनचे पैसे तिथेच वसूल.

पैशांचं: केबिनचा रात्रीचा दर बघून हुरळू नका. क्लीनिंग फी, सर्व्हिस फी, टॅक्स धरून शेवटचा आकडा बघा आणि मग माणशी भाग द्या. दोन कुटुंबं असतील तर केबिन स्वस्त पडते, चौघंच असाल आणि दोनच रात्री असतील तर लॉजच स्वस्त, कारण क्लीनिंग फी दोन रात्रींना पण तेवढीच.

वेअर्स व्हॅलीतून एक फायदा असा की लायन स्प्रिंग्ज रोडने थेट मेटकाफ बॉटम्सला पार्कमध्ये शिरता येतं, गॅटलिनबर्गच्या ट्रॅफिकमध्ये जावं लागत नाही. तिथे नदीकाठी पिकनिकची टेबलं आहेत, आई-बाबांसाठी उत्तम. तिथून केड्स कोव्हला जा, ११ मैलांचा एकेरी लूप आहे, पण ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी तीन-चार तास लागू शकतात, तेव्हा मधल्या वारी आणि सकाळी लवकर. बुधवारी गाड्या बंद असतात तो नियम मे ते सप्टेंबरचा. संध्याकाळी फूटहिल्स पार्कवेवर जा, वेअर्स व्हॅली ते वॉलंडचा भाग २०१८ मध्ये सुरू झाला, सूर्यास्त गाडीतून न उतरता दिसतो.

आणि एक तिसरा पर्याय आहे, लीकाँट लॉज. माउंट लीकाँटवर, जवळपास साडेसहा हजार फुटांवर, तिथे गाडी जातच नाही, चालतच जायचं. वीज नाही, रॉकेलचे दिवे, अंघोळीला बादलीत गरम पाणी, आणि सामान लामा प्राण्यांच्या पाठीवरून वर येतं. मी आणि नवरा एक दिवस आई-बाबांना मैत्रिणीकडे ठेवून अ‍ॅलम केव्ह ट्रेलने वर जाऊन आलो, एका बाजूचे पाच मैल, वरच्या टप्प्यात कड्याला तारेचे दोर लावलेत ते धरून चालायचं, पाऊस झाला असेल तर बूट चांगलेच हवेत. सकाळी साडेसातला पार्किंग जवळपास भरलेलं होतं. राहायचं असेल तर पुढच्या वर्षाचं बुकिंग आदल्या ऑक्टोबरमध्येच सुरू होतं आणि फार पटकन संपतं, शाकाहारी जेवण लागणार असेल तर बुक करतानाच सांगा.