आमची वाटचाल : मानेवरचे ओघळ

पहिली अकरा वर्षं आमचा कोलनचा, म्हणजे स्पिरिटातल्या हलक्या अत्तराचा, धंदा सरळ चालला, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. बाराव्या वर्षी एप्रिलात दादरच्या सलूनवाल्या काकांचा फोन आला. दाढीनंतर आमचं कोलन लावलेल्या गिऱ्हाइकांच्या मानेवर तपकिरी पट्टे उमटले होते. कोलन जिथून ओघळलं, नेमके तिथेच.

सगळ्यांनी स्पिरिटला दोष दिला. चूक बर्गामॉटची, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या एका फळाच्या तेलाची होती, म्हणजे आमचीच. दक्षिण इटलीतल्या रेज्जो कालाब्रियाच्या पट्ट्यातलं हे तेल सालीतून न तापवता दाबून काढतात. शंभर किलो फळांमागे जेमतेम अर्धा किलो तेल. दाबून काढल्याने त्यात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य राहतं, साधारण 0.2 ते 0.3 टक्के. ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते आणि मग काळवंडते. म्हणून अंगावर राहणाऱ्या मालात अशा तेलाला 0.4 टक्क्यांची मर्यादा आहे. आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे वासाच्या तेलांच्या मिश्रणात, बर्गामॉट 30 टक्के, कोलनमध्ये कंपाउंड 4 टक्के. गुणाकार करा : 1.2. तिप्पट! आधी बर्गाप्टेन काढलेलं तेल वापरायचो. त्या हंगामात ते मिळेना, म्हणून त्याच मापाने कच्चं ओतलं. वास काय सुरेख आला होता, हिरवा, करकरीत.

साडेतीनशे लिटर माल परत आला. चार महिने गाळ्याचं भाडं थकलं. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याने संधी साधली : 'नैसर्गिक तेलाने कातडी जळते' असं बाजारभर सांगत सुटला. त्याच्या स्वतःच्या 'बर्गामॉट'मध्ये संत्र्याच्या तेलातलं स्वस्त टर्पीन आणि बर्गामॉटसारखा वास देणारं कारखान्यातलं लिनालिल ॲसिटेट, बाटलीवर मात्र हिरव्या फळाचं चित्र. ते चित्र अजून आहे.

असं भेसळीने ताणलेलं तेल साध्या जीसी (तेलातले घटक वेगळे करून मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफी) रिपोर्टात पकडता येत नाही, हे नव्यांनी लिहून ठेवावं. लिमोनीन 30 ते 45, लिनालिल ॲसिटेट 22 ते 36 टक्के, हे आकडे जुळवणं सोपं. कायरल कॉलमवर चालवा; तो एकाच रेणूची डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपं वेगळी दाखवतो. फळातलं लिनालूल आणि त्याचं ॲसिटेट जवळजवळ सगळं एकाच हाताचं असतं, कृत्रिमात दोन्ही हात निम्मेनिम्मे. रिपोर्टाचा खर्च जड वाटतो, पण पाच किलोचा डबा फसण्यापेक्षा स्वस्त. तसा लिंबावरही डोळा ठेवा. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलाचीही मर्यादा आहे, आणि अशी तेलं एकत्र आली की प्रत्येकाने आपल्या मर्यादेतला किती हिस्सा खाल्ला त्याची बेरीज करायची. बेरीज एकच्या वर जाता कामा नये.

काकांनी मात्र परतीचे पैसे मागितले नाहीत. "काय बिघडलं ते आधी शोधा," एवढंच म्हणाले.

आता क्रम असा : आधी स्पिरिट, मग कंपाउंड, दोन आठवडे अंधारात मुरवण. डिमिनरलाइज्ड पाणी सगळ्यात शेवटी, बारीक धारेने, ढवळत. पाणी आधी घातलंत तर टर्पीन सुटून माल दुधाळ होतो, आणि मग कितीही गाळा. मग दोन दिवस 4 अंशांवर ठेवून थंड असतानाच गाळायचं. खोलीच्या तापमानाला गाळलेली बाटली थंडीत पुन्हा गढूळते. तेलाचा डबा ॲल्युमिनियमचा, काठोकाठ भरलेला. अर्धा रिकामा झाला की लगेच लहान डब्यात काढा. हवेने लिमोनीन बिघडलं तर वास टर्पेंटाइनकडे झुकतो, आणि खाजेच्या तक्रारीही तिथूनच येतात. काटा 0.01 ग्रॅमचा घ्या. मापाच्या नळीवर तेल मोजणाऱ्याला आम्ही कामावर ठेवत नाही.

बर्गाप्टेन काढताना ती हिरवी धार थोडी बोथट होतेच. भरून काढायला पेटिटग्रेन (कडू संत्र्याच्या पानांचं तेल) अर्ध्या टक्क्याने वाढवलं, मग पुन्हा कमी केलं. काका दर कॅनचं झाकण उघडून हुंगतात आणि म्हणतात, "पहिलं जास्त बरं होतं."