कानातला जी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी जेकार्डची, म्हणजे मागावर विणूनच काढायच्या नक्षीची, डिझाइनर आहे. लोकांना वाटतं की टॉवेलवरचं चित्र छापलेलं असतं. आमच्या मालात छपाई नसते, चित्र लूपचंच बनतं. दोन आडवे धागे कापडापासून जरा लांब थांबतात, तिसरा आला की फणी तिघांना एकदम पुढे ठोकते आणि सैल सोडलेला उभा धागा वर लूप होऊन उभा राहतो. असे तीन पिक, म्हणजे आडवे धागे, मिळून लूपची एक ओळ. इंचाला ४२ पिक धरले तर १४ ओळी झाल्या. म्हणजे मला एका इंचात वरून खाली १४ ठिपके मिळतात, नाक डोळे कान जे काय काढायचं ते त्यातच.

तर मुंबईचा एक एजंट, आमच्याकडे नवीनच, व्हॉट्सअपवर चित्र पाठवून म्हणाला ३० बाय ६० मधे हे पाहिजे, दोन रंगात, आधी सॅम्पल. चित्र होतं 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून सिरियलमधल्या होमर सिम्पसनचं. सोफ्यावर बसलेला, हातात डोनट. कॉलेजात असताना ही सिरियल मी एका मैत्रिणीच्या हार्डडिस्कवरून रात्र रात्र बघितलीय, त्यामुळे चित्र उघडल्या उघडल्या कळलं की काढणाऱ्याने एक एपिसोडसुद्धा धड बघितलेला नाही. हाताला पाच बोटं होती! त्या सिरियलमधे सगळ्यांना चार बोटं असतात, देव दाखवतात तेव्हा त्याला मात्र पाच. इतकी साधी गोष्ट. असला माल बाजारात भरपूर असतो, चित्राची नक्कल, त्या नकलेची नक्कल, आणि कुणालाच मूळ काय होतं याचं घेणंदेणं नसतं. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो.

पण काम हातात घेतलं तेव्हा मजा यायला लागली, कारण हे चित्र जणू आमच्या लूमसाठीच काढलंय. ही पात्रं ज्याने काढली त्या मॅट ग्रोनिंगचं म्हणणं होतं की पात्र नुसत्या सावलीवरून ओळखता आलं पाहिजे. होमरच्या घरातलेच बघा, पोरगा बार्टच्या डोक्याचे दाते, बायको मार्जचा केसांचा मनोरा, पोरगी लिसाच्या केसांची चांदणी, नुसती बाहेरची रेघ दिली तरी पोरं ओळखतात. आणि दोन रंगांच्या टेरीत, म्हणजे लूपच्या कापडात, आम्ही दुसरं काय देणार, बाहेरची रेघच देतो. पिवळ्या रंगाचंही तसंच. ही माणसं पिवळी का, तर सुरुवातीला अ‍ॅनिमेशन करणाऱ्या क्लास्की चुपो स्टुडिओतल्या जॉर्जी पेलूस या रंगकर्मी बाईंनी तो रंग निवडला. बार्ट, लिसा आणि धाकटी मॅगी यांच्या कपाळावर केसांची रेघच नाही, कपाळ कुठे संपलं आणि केस कुठे सुरू झाले ते कळत नाही, मग माणसाच्या कातडीचा रंग दिला असता तर केस विचित्र दिसले असते, म्हणून सगळंच पिवळं. १९८७ मधे ट्रेसी उलमन शोमधे छोट्या तुकड्यांत ते आले, १९८९ च्या डिसेंबरात अर्ध्या तासाची सिरियल सुरू झाली, रंग तोच. एका बाईचा निर्णय आणि अख्खी दुनिया आज त्या पिवळ्यावरून सिरियल ओळखते, पण तिचं नाव किती जणांना माहितीय? रंगाचं काम करणाऱ्यांचं नाव कधी येतच नाही.

डोळ्यांचा प्रश्न मात्र होता. पाइलला, म्हणजे लूपच्या धाग्याला, पिवळा आणि गडद निळा एवढेच दोन रंग, डोळे पांढरे पाहिजेत. मग डोळ्यांच्या जागी समोर लूप उचललेच नाहीत, दोन्ही रंग मागच्या बाजूला ढकलले, समोर खालची पांढरी जमीन उघडी पडली. डोळे जरा खोलगट झाले पण पांढरे झाले. आमचे अण्णा, लूमचे मास्तर, हा माणूस सहसा कौतुक करत नाही, ते बोट फिरवून म्हणाले, "जमलं मॅडम."

सॅम्पलचा फोटो गेला आणि एजंटचा फोन आला की मॅडम, कानात जी पाहिजे. त्याने कुठल्यातरी रीलमधे बघितलं होतं की होमरच्या डोक्यावरची केसांची वाकडी रेघ म्हणजे एम आणि कान म्हणजे जी, काढणाऱ्याने आपली आद्याक्षरं लपवलीत. "हे सीक्रेट आहे ना, यावरच माल खपणार."

हे अर्धं खरं आहे. ग्रोनिंगने सुरुवातीला तसं केलं होतं. पण नंतर त्यालाच वाटलं की बघणाऱ्याचं लक्ष कानाकडेच जाईल, म्हणून कान साधा केला. कानात जी तो आजही काढतो, पण कधी, तर चाहत्यांना स्वतःच्या हाताने होमर काढून देतो तेव्हा. म्हणजे पडद्यावरचा कान वेगळा आणि त्याच्या हातच्या चित्रातला वेगळा. हे मी एजंटला सांगितलं, त्याला काय फरक पडणार. मालक म्हणाले पार्टी मागतीय ना, टाका.

आणि मी तो टाकला, कारण अवघड होता म्हणून मला टाकायचाच होता. कान आला होता सव्वा इंचाचा, म्हणजे सतरा-अठरा ओळी. त्यात जी. एका लूपची रेघ दिली तर ती दिसतच नाही, शेजारचे पिवळे लूप तिच्यावर कलतात आणि धुतल्यावर तर पार गिळून टाकतात. दोन लूपची दिली तर जीच्या पोटातली आडवी काडी गोलाला चिकटून नुसता निळा डाग होतो. शेवटी गोल दोन लूपचा ठेवला, काडी तीनच लूप लांब केली आणि तिच्या खालची पिवळ्याची एक ओळ वाढवली, त्यासाठी अख्खा कान किंचित लांबट केला. लूमवरून उतरला तेव्हा हातभर अंतरावरून कान आणि जवळ घेतला की जी. इतक्या वर्षात मी याच्यापेक्षा बारीक काम केलेलं नाही.

टेबलावर तो टॉवेल पसरून बघताना मात्र माझ्या डोक्यात आलं की अरे, ही तर त्या माणसाची सही आहे. सिरियलमधून त्याने स्वतः काढून घेतलेली आणि फक्त हाताने चित्र देताना ठेवलेली, ती मी सोलापुरात बसून विणलीय. मी मालकांना विचारलं, यांच्याकडे परवाना आहे का? २०१९ पासून ही सिरियल डिस्नीकडे आहे, तिचा माल बनवायचा तर लेखी परवानगी लागते. मालक म्हणाले, आपण जॉबवर्क करतो, जबाबदारी पार्टीची. म्हटलं, मालक, नक्कल बनवणाराही कायद्यात अडकतो. आणि तुम्ही रोज काय म्हणता, पानिपतचा माल सोलापुरी चादर म्हणून विकतात, सोलापूरच्या नावाला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी नोंद, मिळूनही कुणी विचारत नाही, गिऱ्हाईकाला लेबल बघून खरं वाटतं. मग हे काय वेगळं आहे?

मालक चिडले. बोलले काही नाही. पण संध्याकाळी एजंटला माझ्यासमोर फोन लावून म्हणाले, "लेटर पाठवा, मग लूम लावतो." हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे, एवढी मोठी ऑर्डर मंदीत सोडणं सोपं नसतं.

अण्णांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, ग्राफ तुमचा, विणणं माझं, त्या माणसाने कधी लूम बघितलाय का? मला तेव्हा २०१० मधलं बँक्सीचं, म्हणजे नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणाऱ्या त्या इंग्रज चित्रकाराचं, ओपनिंग आठवलं. सिरियलच्या सुरुवातीला सोफ्याची जी गंमत असते तिथे त्याने दाखवलं होतं की आशियातले कामगार अंधाऱ्या हॉलमधे ओळीने बसून हीच सिरियल चितारतायत आणि खाली तिच्या बाहुल्या बनतायत. लोकांनी वाहवा केली. पण पहिल्या सीझनपासून अ‍ॅनिमेशन करणाऱ्या दक्षिण कोरियातल्या सोल शहरातल्या एकॉम स्टुडिओचे नेल्सन शिन यांना ते आवडलं नाही, आणि मला त्यांचं पटतं. त्या दृश्यात काम करणारा बिचारा दिसतो, त्याला काम येतं हे कुठेच दिसत नाही. अमेरिकेत स्टोरीबोर्ड आणि लेआउट होतात, पण मधली हजारो चित्रं सोलमधे हात चालवून होतात, त्यांच्याइतकी त्या कानाची रेघ कुणाला माहिती असणार?

म्हणजे अण्णा म्हणतात त्यात तथ्य आहे. तरी सोलमधल्या त्या लोकांना काम देणाऱ्याने दिलं होतं, आम्हाला कुणी दिलं नव्हतं. आणि पाच बोटांचं वाईट चित्र तसंच विणलं असतं तर कुणीतरी पिवळा माणूस म्हणून निघून गेलं असतं, मी बोटं सुधारली, कान सुधारला, म्हणून ती पक्की नक्कल झाली. चांगलं काम केल्यामुळेच ते दुसऱ्याचं झालं हे मला अजून नीट गिळता येत नाहीये.

परवा एजंटचा परत फोन आला, माणूस हिरवा करू, जी काढून टाकू, मग चालेल का. मालकांनी फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, नाही चालणार, सावलीवरून ओळखू येतोय तो.