बँकर न लागलेली गाडी

रविवार, रात्री साडेदहा

दिवसभर जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सनचा 'व्हाइट रॅबिट' हा अल्बम लावून बसलो. नोव्हेंबर १९७१ चं रेकॉर्डिंग. बेन्सन तेव्हा २८ वर्षांचा, गायक म्हणून गाजायच्या आधीचा. जेफर्सन एअरप्लेन या रॉक बँडचं गाणं, 'कॅलिफोर्निया ड्रीमिन', एका सिनेमाची धून आणि त्यातच ब्राझीलचा संगीतकार व्हिला-लोबोस! भेळ करावी तर अशी. सिनेमाची धून मी पुढे ढकलली, फार गोग्गोड. 'कॅलिफोर्निया ड्रीमिन' मात्र तीनदा ऐकलं. नाशिकरोडच्या गच्चीत, शाल गुंडाळून, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत.

त्यातल्याच 'एल मार'मध्ये अर्ल क्लू गिटार वाजवतो. वय १८! त्या वयात मी तीन कॉर्डवर अडकलो होतो. अजून तिथेच आहे. बेन्सन पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, उलट्या कोनात धरतो, कडेने तार छेडतो, म्हणून दुपारी तसं धरून पाहिलं. पहिल्याच झटक्याला पिक निसटून गिटारच्या पोटात. गिटार उपडी करून हलवत बसलो, तेवढ्यात बाबा वर आले.

नेमकी व्हिला-लोबोसवाली 'लिटल ट्रेन' चालू होती. म्हटलं, "बाबा, ओळखा कसली धून आहे." डोळे मिटून ऐकलं. "आगगाडी?" मग थोड्या वेळाने, "पण ही सपाटीवरची. घाटातली नाही. हिला बँकर लागलेलं नाही."

पंचवटी एक्सप्रेसने एकवीस वर्षं अप-डाऊन केलेला माणूस. संध्याकाळी परतताना कसाऱ्याला घाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, लागायची तो धक्का त्यांना झोपेतही कळायचा, डबा हातातून न सांडता.

मग व्हिला-लोबोसची मूळ रचना लावली, १९३० ची, अख्ख्या ऑर्केस्ट्राची. 'बाकियानास ब्राझिलेइरास' क्रमांक २ चा शेवटचा भाग. सुरुवातीला गाडी जाग्यावरून हलता हलत नाही. धापा टाकते, खडखडते, मग हळूहळू वेग धरते. बाबांचा पाय खुर्चीच्या दांडीवर कधी आपटायला लागला, त्यांनाही कळलं नसावं. मला बेन्सनचीच जास्त आवडते, तिला कुठे पोचायची घाई नाही. बाबांना ते पटेना.

"ती तुझी रिकामी धावतेय रे. हिच्यात माणसं आहेत."

वाद घालणार होतो. पण खालून आईने हाक मारली, नळाला पाणी आलं होतं. दोघंही उठलो.

पिक अजून आतच आहे.