उजव्या तळहाताखालचा तवा: नोंद तिसरी

मागच्या नोंदीत मी छाती ठोकून लिहिलं होतं की उजव्या हाताखाली तापणाऱ्या लॅपटॉपचा पंखा साफ केला, प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, विषय संपला. शब्द मागे घेतो. पंख्याचा आवाज खरंच कमी झाला, प्रोसेसरही बऱ्यापैकी गार राहतो. पण तासभर टायपिंग केलं की उजवं मनगट उचलावंसं वाटतंच, आणि डावीकडे काही नाही. प्रोसेसर तर डाव्या कोपऱ्यात आहे! हे मला पेस्टची ट्यूब विकत घेण्याआधी सुचायला हवं होतं.

मशीन तेच, जुनं 12 इंची, विंडोजऐवजी लिनक्स मिंटवालं. मोजायला कोरोनात घेतलेली, कपाळावर धरून ताप मोजायची पिस्तूल. ती 'सरफेस' मोडवर ठेवायची, कारण 'बॉडी' मोडमध्ये ती कपाळावरून आतल्या तापाचा हिशोब करून आकडा वर दाखवते. खोली 31 अंश. फक्त एडिटर उघडा ठेवून पाऊण तासाने मोजलं: डावीकडे 34.5, उजवीकडे 41.8. म्हणजे हात माझ्याशी खोटं बोलत नव्हता.

शनिवार. चार्जर काढून बॅटरीवर तेच केलं. उजवीकडे 36.9. पाच अंश गायब! लगेच निष्कर्ष काढून मोकळा झालो की चार्जिंगचं सर्किट तापतंय. बॅटरी 100 टक्के भरलेली असताना चार्जिंग कसलं, हा प्रश्न बायकोने विचारला. तिला यातलं काही कळत नाही, असं मी इतके दिवस समजत होतो.

रविवार. पाम रेस्ट, म्हणजे कीबोर्डच्या अलीकडे तळहात टेकतो तो भाग, उघडला. (स्क्रू थर्माकोलवर मशीनचा नकाशा काढून त्यातच खोचून ठेवतो, सहा महिन्यांत एकही हरवला नाही.) उजव्या तळहाताच्या बरोबर खाली काय? वायफाय कार्ड. मिनी पीसीआय एक्सप्रेस नावाच्या खाचेत बसणारं, पूर्ण लांबीचं, साधारण 30 गुणिले 51 मिलिमीटर, वर पत्र्याची डबी, ना हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) ना वारा. कीबोर्डखाली जागा नाही, पंख्याजवळ जागा नाही, म्हणून बिचाऱ्याला इथे बसवलेलं. पाम रेस्ट बाजूला ठेवून, बाहेरचा कीबोर्ड लावून मशीन चालवलं. पिस्तूल म्हणते कार्ड 36 अंश, आणि बोट लावलं तर चटका. चकचकीत पत्र्यावर पिस्तूल फसते: पत्रा स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि समोरच्या खोलीचीच परावर्तित करतो. कागदी चिकटपट्टीचा तुकडा डकवला, पाच मिनिटं थांबलो, पट्टीवर नेम धरला. 58.

मग मी शहाणपणा केला. डब्यात थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) उरला होता, तो कार्ड आणि पाम रेस्ट यांच्यामध्ये ठेवला. कार्ड नक्कीच गार झालं असणार, कारण त्याची सगळी उष्णता थेट माझ्या हाताखाली आली: 45.3. जी हवेची फट मला दोष वाटत होती तीच मला वाचवत होती. पॅड काढला. कोणी करू नका.

बुधवार. कार्ड काढून टाकलं, लॅन केबल लावली, चार्जर चालू. 35.7. चार्जर निर्दोष सुटला. अँटेनाच्या वायरी काढताना जपून. ती इवलीशी यू-एफ-एल टोकं साधारण 30 वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनलेली असतात. माझ्या आतापर्यंत नऊ वेळा झाल्या, आता कागदावर रेघा मारून मोजतोय.

मग कार्ड चार्जरवर जास्त का तापतं? परत बसवून आय-डब्ल्यू या वायफायच्या कमांडला पॉवर सेव्हची, म्हणजे कार्डाच्या वीज वाचवण्याच्या सोयीची, स्थिती विचारली. चार्जरवर ऑफ, बॅटरीवर ऑन. आणि हे करणारा कोण, तर टीएलपी, वीज वाचवणारा प्रोग्राम, जो मीच लॅपटॉप गार राहावा म्हणून टाकला होता! त्याची मुळातली सेटिंगच तशी आहे: चार्जर असला की वीज वाचवायची कशाला, वेग द्या. फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं.

इथे एक गोष्ट मला नवीन होती. मी समजत होतो की डाउनलोड नसेल तर कार्ड रिकामं बसतं. पण पॉवर सेव्ह बंद असेल तर रिसीव्हर सतत जागा राहून कान देऊन बसतो, आणि नुसतं कान देऊन बसायला जवळजवळ प्रत्यक्ष डेटा घेण्याइतकीच वीज लागते. पॉवर सेव्ह चालू केलं की कार्ड डुलक्या काढतं. राउटर सहसा दर 102.4 मिलिसेकंदांनी बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' अशी हाक, पाठवतो, त्या वेळी जागं होऊन 'माझं काही टपाल आहे का' विचारतं, नसेल तर परत झोपतं. माझं कार्ड एडिटर उघडा असतानासुद्धा रात्रभर टक्क जागं होतं.

टीएलपीच्या फाइलमध्ये एसीसाठीही, म्हणजे चार्जर लावलेला असतानाही, पॉवर सेव्ह ऑन केलं. पाऊण तास. 37.2.

फुकट काही मिळत नाही, तेही लिहितो. रास्पबेरी पाय या माझ्या छोट्या कॉम्प्युटरवरून लॅपटॉपला पिंग केलं (हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते पाहिलं) तर आधी 2-3 मिलिसेकंद यायचे, आता मधूनच 90 च्या आसपास उडी, म्हणजे एक डुलकी. टायपिंग आणि ब्राउझिंगमध्ये मला जाणवत नाही. पायवरून लॅपटॉपमध्ये लॉगिन करून काही लिहिलं तर अक्षरं जरा अडखळत उमटतात. त्या वेळी हाताने बंद करतो.

आता डोक्यात अर्ध्या लांबीचं कार्ड आहे, 26.8 मिलिमीटरचं, ब्रॅकेट लावून. नवीन चिप कमी खाईल आणि कनेक्टरकडे सरकल्यामुळे मनगटापासूनही थोडं लांब जाईल. अडचण एवढीच की या मशीनच्या बायोसमध्ये (सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) मान्य कार्डांची यादी आहे, परकं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने 'लावून बघा, नाही चाललं तर परत आणा' असं कबूल केलंय. शनिवारी जातो. यू-एफ-एलची दहावी रेघ तेव्हाच मारेन.