गूळ, साखर आणि एका नर्सचे वाक्य

चाळिशी ओलांडली की इंग्लंडमध्ये दर पाच वर्षांनी आरोग्य तपासणीचे बोलावणे येते. मला ते गेल्या महिन्यात आले आणि एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातील साखरेचा सरासरी अंदाज देणारी चाचणी, 43 निघाली. येथे हा आकडा टक्क्यांत सांगत नाहीत. आपल्याकडच्या अहवालात तो साधारण 6.1 टक्के असा छापून आला असता. 42 ते 47 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, एवढे सांगून नर्सने दिवसाकाठी किती साखर पोटात जाते याची चौकशी केली. साखर मी दोन वर्षांपूर्वीच सोडली असून चहातसुद्धा गूळच घालते, असे मी काहीशा तोऱ्यातच सांगितले. गूळ म्हणजे काय हे तिला माहीत नव्हते. उसाचा रस आटवून केलेली ढेप, असे मी समजावून सांगताच ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे साखरच ना."

हे वाक्य मला फार लागले. ज्यांच्या भाषेतला साखरेचा शब्दसुद्धा आपल्या 'शर्करे'वरून फारसी-अरबीमार्गे तिकडे पोहोचला, ज्यांनी कॅरिबियन बेटांवर गुलामांना राबवून साखरेवर गडगंज संपत्ती कमावली, आणि ज्यांच्या कचेरीत आजही ज्याचा वाढदिवस असेल तोच सगळ्यांसाठी केक घेऊन येतो, त्यांनी मला गुळावरून शिकवावे? बसमध्ये बसून मी तिला मनातल्या मनात पुष्कळ उत्तरे दिली. गुळात लोह असते, हे त्यांतले सर्वांत भक्कम उत्तर होते. मात्र चहातल्या चमचाभर गुळातून मिळणारे लोह नाव घेण्यासारखे नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

घरी आल्यावर हिशेब मांडला. प्रौढ व्यक्तीने दिवसाला 30 ग्रॅमपेक्षा जास्त मुक्त साखर खाऊ नये, असे येथील आरोग्यसेवा सांगते. मुक्त साखर म्हणजे वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर त्यात धरत नाहीत. गुळाला या यादीतून सूट मिळण्याचे काही कारण मला सापडले नाही. माझे दिवसाला चार कप चहा होतात आणि प्रत्येक कपात दोन चमचे गूळ पडतो. चमच्यामागे चार ग्रॅम साखर धरली, तर एकट्या चहातच 32 ग्रॅम झाली. अजून बिस्किटाला हातही लावलेला नव्हता.

त्या दिवसापासून दुकानात उभ्याने पाकिटे वाचण्याची सवय लागली. येथे बऱ्याच पाकिटांच्या दर्शनी बाजूला लाल, पिवळे आणि हिरवे रंग असतात. 100 ग्रॅममध्ये साखर 22.5 ग्रॅमच्या वर गेली की लाल, पाच ग्रॅम किंवा त्याहून कमी असली की हिरवा. ही सोय मला मनापासून आवडते. तरीही दह्याच्या डब्यापाशी ती अपुरी पडते, कारण मागच्या तक्त्यात एकूण साखरेचाच आकडा असतो. फळे घातलेल्या दह्यातील 12 ग्रॅम साखरेपैकी दुधाची किती, फळाची किती आणि कारखान्यात ओतलेली किती, याचा पत्ता लागत नाही. मग साधे दही शेजारी धरून, त्यातले पाच-सहा ग्रॅम वजा करून अंदाज बांधावा लागतो. भारतीय दुकानातून आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर मात्र एकूण साखरेच्या खाली वरून घातलेल्या साखरेची स्वतंत्र ओळ होती. आपल्याकडे 2020 च्या नियमांनी ती बंधनकारक केली आहे. ती ओळ मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. त्या ओळीतला आकडा काय होता, हे त्याने विचारले नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही.

गोड पेयांवर येथे एप्रिल 2018 पासून कर आहे. तो टाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी साखर कमी करून तिच्या जागी कृत्रिम गोडवा आणला. मी महिनाभर तीच पेये पिऊन पाहिली आणि सोडून दिली. साखर गेली, पण जिभेची गोडाची अपेक्षा जिथल्या तिथे राहिली. वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यावर अवलंबून राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये सुचवले आहे.

माझी खरी परीक्षा दुपारी साडेतीनला असते. हिवाळ्यात त्या वेळी बाहेर अंधारू लागलेले असते, कचेरीच्या स्वयंपाकघरात कोणाचा तरी केक कापलेला असतो आणि चाकूला लागलेले क्रीमसुद्धा लांबून दिसते. नुसते सँडविच खाल्लेल्या दिवशी मी तेथे हमखास पोहोचते. डब्यात मटकीची उसळ आणि दही असले, तर बहुतेक वेळा पोहोचत नाही. रात्री झोप कमी झाली असेल, तर मात्र उसळीचाही इलाज चालत नाही. अशा वेळी मी कोट चढवून दहा मिनिटे बाहेर चालून येते. परत येईपर्यंत तलफ ओसरलेली असते किंवा केक संपलेला असतो, आणि मला दोन्ही चालते. कधीमधी एखादा तुकडा खाल्लाच, तर तो जेवणानंतर लगेच आणि बसून खाते, उभ्याने नाही.

चहात आता अर्धाच चमचा जातो आणि तोही साखरेचा, कारण गुळाने दूध फाटते, निदान माझ्या हातून तरी. रविवारी आईचा फोन आला. तपासणीचे तिला सांगितले होते. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "पण चहात गूळच घालतेस ना?"

"हो आई," मी म्हटले.